आजऱ्याच्या शाळेत सूर कोण शिकवणार?
शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर यांस,



संगीताच्या पदवीच्या वरच्या वर्गांत आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात काय शिकवावे, हा अभ्यास मंडळाचा विषय. विद्यापीठापासून ऐंशीएक किलोमीटर दूर, आंबोली घाटाच्या अलीकडच्या आजऱ्यातल्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. पडायचे कारण असे, की त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला काय येते, यावर आजऱ्याच्या शाळेत सूर शिकवला जाणार की नाही हे ठरते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. संगीताचा पदवीधर जसा मैफलीत तपासला जातो, तसाच आणि तितक्याच कडकपणे तो चाळीस मुलांच्या वर्गासमोरही तपासला जावा. ही तपासणी विद्यापीठाच्या आवारात न होता तालुक्याच्या शाळांमध्ये व्हावी. वरच्या वर्षांत गाणे सादर करणे आणि गाणे शिकवणे या दोन्हींना सारखे वजन मिळावे.

आजऱ्यात संगीताचा दुष्काळ आहे म्हणून मी हे लिहीत नाही. भजनी मंडळ नसलेले गाव या भागात शोधावेच लागेल. टाळ, पखवाज आणि पेटी घेऊन बसलेली मंडळी रूपाच्या अभंगापासून सुरुवात करतात, गवळणी घेतात आणि भैरवीला येईपर्यंत रात्र सरलेली असते. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यात सोंगी भजन रंगते. गौरी-गणपतीत झिम्मा-फुगडीची गाणी बायकांच्या तोंडी असतात. जिल्ह्यातल्या यात्रांत धनगरी ओवी आणि ढोल घुमतो. श्रीमंत गंगामाई वाचन मंदिरासारखी जुनी संस्था इथे आहे, नाटकाची आवड आहे, ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंतांचे हे जन्मगाव आहे. अशा गावातले मूल चालायला लागते तेव्हाच त्याच्या कानावर लय पडलेली असते. आजोबांच्या मांडीवर बसून टाळ धरणारा मुलगा सम कधी येते हे ओळखतो. तिला सम म्हणतात, एवढेच त्याला ठाऊक नसते. हेच मूल शाळेत येते आणि तिथे त्याच्या या ज्ञानाला कोणी हात लावत नाही. परिपाठात राष्ट्रगीत होते, २०२३ पासून राज्यगीत म्हणून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ होते. पुढे उभ्या असलेल्या मुलाने जी पट्टी धरली तीच सगळ्यांची पट्टी. वरच्या सुरांना पोचता येत नाही तेव्हा मुले ओरडतात आणि खालचे सूर गिळून टाकतात. रोज, वर्षानुवर्षे, हजारो मुले एकत्र गातात अशी ही शाळेतली एकमेव वेळ. आणि तिथे गाण्याचा जाणकार उभा नसतो.

कागदावर मात्र संगीत शाळेत केव्हाच आलेले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे असे म्हटले. २०२३ च्या शालेय आराखड्याने कलांना इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान दिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे लिहिले आहे. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’मध्ये गायन-वादनाचे पाठ आहेत. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. एवढे सगळे असूनही तो पाठ वर्गात शिकवायचा कोणी, या प्रश्नाला उत्तर नाही. चित्रकलेशी तुलना केली म्हणजे फरक लगेच कळतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत, त्यामागे कला संचालनालय आहे, आणि कलाशिक्षक होण्यासाठी आर्ट टीचर डिप्लोमा नावाची ठरलेली वाट आहे. चित्रकलेचा शिक्षक होण्यासाठी चित्र काढता येणे पुरेसे नाही, चित्रकला शिकवायलाही शिकावे लागते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी मान्य केले. संगीताच्या बाबतीत मात्र ज्याला गाता येते त्याला शिकवता येते, असे आपण धरून चाललो. बी.एड.ला मराठी, गणित, इतिहास यांच्या अध्यापन पद्धती घेता येतात. संगीताची सहसा मिळत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमावलीत प्रयोगकलांच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांची स्वतंत्र पदविका मांडली होती, म्हणजे गरज दिल्लीलाही कळली होती. आपल्या भागात तिने मूळ धरलेले दिसत नाही.

कुलगुरू महोदय, हे मी आपल्याच विद्यापीठाला का सांगतो आहे, त्यामागे इतिहास आहे. आपल्या कार्यक्षेत्रातले कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे नकाशावर पाहिले तर महाराष्ट्रातल्या ख्यालगायकीचा अर्धा इतिहास त्यात सापडेल. ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आपल्या जिल्ह्यातले. त्यांच्याकडे मिरजेत शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले कुरुंदवाडला, १८ ऑगस्ट १८७२ रोजी. बुवांचेच शिष्य अंतुबुवा जोशी औंधला होते. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातो; २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि अल्लादियाखाँसाहेब तर शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरचेच झाले. भूर्जीखाँ, मंजीखाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर ही जयपूर-अत्रौली घराण्याची सारी नावे त्यांच्याशी जोडलेली आहेत. देवल क्लबसारखी संस्था एकोणिसाव्या शतकापासून शहरात गाणे ऐकवत आली. हा वारसा आपण समारंभात सांगतो तेव्हा गायकांची नावे घेतो. त्यातल्या एका माणसाने शिक्षक घडवण्याचे जे काम केले, ते मात्र आपल्या बोलण्यातून सुटते.

पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, हे संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्या विद्यालयात ‘उपदेशक वर्ग’ होता, हे तितक्या ठळकपणे सांगितले जात नाही. निवडक मुलांना जवळ ठेवून घ्यायचे, त्यांच्याकडून अनेक वर्षे शिकण्याचा करार करून घ्यायचा, त्यांना गायन-वादनाबरोबर वर्ग कसा घ्यायचा, नवीन माणसाला स्वर कसा द्यायचा, संस्था कशी चालवायची हे शिकवायचे आणि मग देशभर पाठवायचे, अशी ती योजना होती. त्या काळात संगीत शिकवण्याचे काम समाजात प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते, आणि वर्ग भरवून गाणे शिकवणे हे उस्तादांच्या दृष्टीने पाखंड होते. पलुस्करांनी मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके लिहिली, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि शिकवण्याची पद्धत छापून सर्वांसमोर ठेवली. त्यांच्या शिष्यांची पुढची वाटचाल पाहा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. हे सगळे नावाजलेले मैफली गायक होते आणि प्रत्येकाने शिकवण्यालाही आयुष्याचा मोठा भाग दिला. आज आपण ज्याला संगीताचा वरच्या पातळीवरचा अध्यापन-अभ्यासक्रम म्हणू, तो कुरुंदवाडच्या या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी लाहोरात चालवला होता. सादरीकरण आणि अध्यापन यांची त्यात फारकत नव्हती. मी मागतो आहे ती गोष्ट परदेशातून आणायची नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका गावातून निघालेली आहे, ती परत घरी आणायची आहे.

संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे उदाहरण तर माझ्या मुद्द्याला आणखी जवळचे. ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय उभे करायचे ठरले तेव्हा तिथे गायकांची वाण नव्हती, ग्वाल्हेरच ते! तरी राजाभैया पूंछवाले यांच्यासह काही कसलेल्या गायकांना आधी मुंबईला भातखंड्यांकडे पाठवले गेले. त्यांना गाणे शिकायचे नव्हते. वर्गात गाणे कसे मांडायचे, लेखी स्वरलिपी कशी वापरायची, एकाच वेळी अनेकांना चीज कशी द्यायची हे शिकायचे होते. १९१८ मध्ये महाविद्यालय सुरू झाले ते ही तयारी करून. ज्यांच्या घरात गाणे पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांनाही वर्गासमोर उभे राहण्याआधी वेगळे शिक्षण लागले. मग आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीला ते लागणार नाही असे आपण कशावरून मानतो?

आता, वर्गात गाणे शिकवण्यात असे काय आहे की त्यासाठी विद्यापीठाने वरची दोन वर्षे खर्चावीत? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तपशिलातच द्यावे लागते. पहिली गोष्ट पट्टी. पुरुष शिक्षक स्वतः काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातो. त्याच पट्टीत तो सहावीच्या मुलांना गायला लावतो. मुले एक सप्तक वर जातात. मध्य सप्तक ठीक जाते आणि तार षड्जाच्या पुढे गाणे गेले की ताणून किंचाळतात, नाहीतर खाली घसरून पुटपुटतात. त्या वयातल्या मुलांचा गळा काळी चार-पाचच्या आसपास मोकळा लागतो. एवढी एक गोष्ट कळली तरी परिपाठाचा आवाज बदलेल. पण मैफलीची तालीम घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या पट्टीपलीकडे विचार करायची वेळच येत नाही. दुसरी गोष्ट आवाज फुटण्याची. सातवी-आठवीत मुलांचा आवाज फुटतो. त्या वर्ष-दीड वर्षात कुणी हसले की मुलगा कायमचा गप्प होतो. पुढे तो माणूस जन्मभर सांगत फिरतो की मला गाता येत नाही. त्या काळात त्याला कोणते सूर द्यायचे, लयीचे काम कधी द्यायचे, पखवाज किंवा तबला हातात कधी द्यायचा, याचे शास्त्र आहे आणि ते शिकवता येते. तिसरी गोष्ट, मुलाला आधीच काय येते ते ओळखणे. ज्या मुलाने भजनात टाळ धरला आहे त्याच्यापुढे पाटीवर केरव्याच्या आठ मात्रा लिहून त्याला पाठ करायला लावणे म्हणजे त्याला अडाणी ठरवणे. त्याच्याच भजनी ठेक्यावर टाळी-खाली दाखवली तर तो तीनतालाच्या सोळा मात्रांपर्यंत स्वतःच चालत येईल. अभंगाची एखादी चाल भीमपलासच्या अंगाने जाते हे त्याला ऐकवून दाखवले तर राग हा शब्द त्याला परका राहणार नाही. ही कडी जोडण्यासाठी शिक्षकाला राग यायला हवा, भजनही माहीत असायला हवे, आणि या दोहोंतला पूल कुठे बांधायचा हे वर्गात उभे राहून सापडलेले असायला हवे. चौथे, साठ मुलांतला जो एक मुलगा एकाच सुरात बोलल्यासारखे गातो, तो खरोखर बेसूर आहे, की त्याला ऐकू कमी येते, की तो लाजतो आहे, हे ओळखणे. पाचवे, सुराला नसलेली पेटी आणि उतरलेली डग्ग्याची चाट घेऊन तास निभावणे. यातले काहीही रागसंगीताच्या तालमीत आपोआप येत नाही. तालमीत गुरूसमोर एक शिष्य असतो. वर्गात साठ मुले असतात, पस्तीस मिनिटांचा तास असतो आणि शेजारच्या वर्गात गणित चालू असते.

यावर घराणेदार मंडळींचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानत नाही. गाणे विद्यापीठात येत नाही, ते गुरूच्या घरी येते. पदवीने आजवर किती गायक घडवले, असे ते विचारतात. मला हे बरेचसे मान्य आहे. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी सेमिस्टरमध्ये मावणार नाही. पण हा आक्षेप नीट वाचला तर तो माझ्याच बाजूने उभा राहतो. मैफलीचा गायक घडवणे हे जर विद्यापीठाला साधणारे काम नसेल, तर वरची सगळी वर्षे त्याच एका कामावर का खर्च करायची? शिक्षक घडवणे हे काम घराण्यांनी कधी अंगावर घेतले नाही, घ्यायचे कारणही नव्हते. ते काम मुळातच संस्थेचे आहे, आणि संस्था ते करू शकते हे पलुस्करांनी करून दाखवले आहे. कोणत्याही पिढीत केवळ मैफलीवर चरितार्थ चालवणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच असतात. बाकीचे बहुतेक सगळे पुढे शिकवतातच: घरी क्लास काढतात, शाळेत जातात, सुगम संगीताच्या संस्थेत लागतात. आपण त्यांना ज्या कामासाठी तयार करतो ते त्यांना मिळत नाही, आणि जे काम त्यांना करावे लागते त्यासाठी त्यांना तयार केलेले नसते. हे गायकाच्या बाबतीत झाले तर एकाचेच नुकसान होते. शिक्षकाच्या बाबतीत झाले तर त्याच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचे होते.

दुसरा आक्षेप असा येईल की अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तर तालुक्यापर्यंत पोचल्या आहेतच. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत मुले जातात. मग विद्यापीठाने वेगळे काय करायचे? मंडळाने केलेले काम फार मोठे आहे. शास्त्रीय संगीत खेड्यात पोचवण्याचे श्रेय द्यायचे तर आधी त्यालाच द्यावे लागेल. पण विशारद ही परीक्षा उमेदवाराला किती राग येतात, ते तो कसे मांडतो, शास्त्र किती जाणतो हे पाहते. त्या उमेदवाराने सहावीच्या वर्गाला तीन महिन्यांत काय दिले, हे तिथे कोणी पाहत नाही, पाहण्याची सोयही नाही. शाळेशी, शिक्षण विभागाशी आणि अध्यापक महाविद्यालयांशी एकाच वेळी बोलू शकेल अशी यंत्रणा फक्त विद्यापीठाकडे आहे. दहावीच्या वाढीव गुणांमुळे परीक्षांना मुले बसू लागली, हे चांगले झाले. पण त्यात एक धोकाही आहे. गाणे हे प्रमाणपत्राचे साधन झाले की ज्याच्या घरी क्लासची फी परवडते त्यालाच ते मिळते. वाड्या-वस्त्यांवरच्या मुलाला गाणे मिळायचे तर ते शाळेच्या तासातच मिळायला हवे, आणि त्यासाठी शाळेत शिक्षक हवा.

तिसरा आक्षेप सगळ्यात व्यवहारी आहे: जागाच नाहीत, तर शिक्षक घडवून करायचे काय? अंशकालीन निदेशकांच्या नेमणुका आणि मानधन यांचा प्रश्न वर्षानुवर्षे रखडतो आहे, हे खरेच आहे. नेमणुका करणे विद्यापीठाच्या हातात नाही, हेही खरे. पण चित्रकलेचा अनुभव सांगतो की शाळेला पद मागायचे तर त्या पदाची ठरलेली अर्हता आधी असावी लागते. ज्या कामाची अर्हताच कुठे लिहिलेली नाही त्याची जागा मंजूर करा, असे कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय प्रत्येक शाळेला पूर्णवेळ संगीतशिक्षक हवा, असे मी म्हणत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रनिहाय रचना आहे. एका केंद्रातल्या शाळांसाठी एक शिक्षक, आठवड्याचे दिवस वाटून घेऊन, हे आजच्या रचनेत बसणारे आहे. असा शिक्षक काय बदल घडवतो हे दाखवायला विद्यापीठाचे विद्यार्थीच पहिल्यांदा पुढे गेले पाहिजेत. शासनाकडे मागणी करायची ती मग रिकाम्या हाताने करावी लागणार नाही.

आणखी एक भीती आहे, आणि ती मला स्वतःला सगळ्यांत जास्त वाटते. विद्यापीठाचा प्रशिक्षित शिक्षक खेड्यात येईल आणि यमन, भूप शिकवताना सोंगी भजनाला गावठी ठरवील, धनगरी ओवीला बेसूर म्हणेल. असे झाले तर तो न आलेलाच बरा. म्हणून अभ्यासक्रमाच्या वरच्या वर्षांत स्थानिक संगीताचा अभ्यास हा शोभेचा पेपर न राहता शिकवण्याचे साधन व्हायला हवा. विद्यार्थ्याने एक हंगाम भजनी मंडळात बसावे, ठेका धरावा, चाली लिहून घ्याव्यात, आणि मग वर्गात जावे. ज्या बुवांनी चाळीस वर्षे भजन चालवले त्यांना विद्यापीठात बोलावण्याची वाटही आता मोकळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली, त्यात पदवीची अट नाही. पुढच्या वर्षी कलावंतांना आणि कारागिरांना शिक्षणसंस्थांत निवासी म्हणून घेण्याचीही मार्गदर्शक तत्त्वे आली. ही तरतूद उद्योगांतल्या अधिकाऱ्यांसाठी जशी वापरली जाते तशी आजरा-चंदगडच्या भजनी बुवांसाठी, शाहिरांसाठी, ढोल वाजवणाऱ्यांसाठी वापरली जावी.

हंगेरीचा झोल्तान कोदाय हा संगीतकार खेड्यातल्या संगीतशिक्षकाच्या बाबतीत फार पुढचे बोलून गेला. राजधानीच्या ऑपेराचा संचालक कोण आहे, यापेक्षा किश्वार्दा नावाच्या छोट्या गावात गाण्याचा शिक्षक कोण आहे हे जास्त महत्त्वाचे, असे त्याचे मत होते; संचालक वाईट निघाला तर तो जातो, वाईट शिक्षक मात्र तीस वर्षे मुलांच्या मनातले गाणे मारत राहतो. कोदायने बेला बार्तोकबरोबर आधी खेड्यांत फिरून लोकगीते गोळा केली, त्यांवर शालेय संगीताची पद्धत उभी राहिली, १९५० मध्ये केचकेमेटला रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली, आणि बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीत, म्हणजे देशातल्या सर्वोच्च संगीतसंस्थेत, शाळेचे संगीतशिक्षक घडू लागले. तिथे शिक्षक होणे हा गायक न होऊ शकलेल्यांचा दुसरा पर्याय समजला गेला नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत तिसऱ्या-चौथ्या वर्षी सादरीकरणाचा विद्यार्थी जशी स्वतंत्र मैफल करतो तसा संगीतशिक्षणाचा विद्यार्थी एक सत्र शाळेत शिकवतो. त्याशिवाय पदवी नाही.

आपल्याकडे यासाठी लागणारी चौकट २०२० च्या शैक्षणिक धोरणाने आधीच दिली आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी आहे. कामाच्या जागी प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क यांना क्रेडिट आहेत. भारतीय ज्ञान परंपरेचा घटक आहे. संगीताच्या विद्यार्थ्याला हे क्रेडिट कुठे मिळवायचे, हा प्रश्न महाविद्यालयांना पडतोच. त्याचे सरळ उत्तर शाळा हे आहे. तिसऱ्या वर्षी संगीत अध्यापनाची पद्धत हा पूर्ण विषय असावा: बालकांचा आवाज, पट्टीची निवड, समूहगान बसवणे, ठेक्यावरून तालाकडे जाणे, पाठ टाचण. चौथ्या वर्षी किंवा एम.ए.ला एक पूर्ण सत्र शाळेत आंतरवासिता असावी आणि तिच्या शेवटी दोन परीक्षा व्हाव्यात. एकीत विद्यार्थी स्वतः गाईल. दुसरीत त्याने शिकवलेला वर्ग गाईल, आणि परीक्षक त्या मुलांचे गाणे ऐकून गुण देतील. दुसऱ्या परीक्षेचे गुण पहिलीपेक्षा कमी ठेवू नयेत, कारण अभ्यासक्रमात कोणती गोष्ट मोठी मानली आहे, हे विद्यार्थी गुणपत्रिकेवरूनच ओळखतो.

यातल्या एका गोष्टीसाठी मात्र धोरणाची वाट पाहावी लागणार नाही. येत्या शैक्षणिक वर्षी आपल्या संगीत व नाट्यशास्त्र विभागातल्या वरच्या वर्गाचे चार-पाच विद्यार्थी एका सत्रासाठी आजरा तालुक्यातल्या एका केंद्राच्या शाळांत पाठवावेत. जून सरता सरता इथे भाताची लावणी असते आणि शाळेत मुले कमी येतात, म्हणून सुरुवात श्रावणापासून करावी. गणपतीच्या आधी मुलांचा गळा मोकळा झालेला असेल. राहण्याची, साथीची आणि एका बऱ्या पेटीची सोय गाव करील, त्यासाठी गावकऱ्यांना भेटण्याची तयारी मी दाखवतो. सत्राच्या शेवटी आपण स्वतः यावे, परिपाठाला उभे राहावे आणि मुले राष्ट्रगीत कसे म्हणतात ते ऐकावे, ही विनंती.

आपला,
आजरा येथील एक संगीतप्रेमी नागरिक